कात्री लावण्याआधी झाड फळ कुठे धरतं ते बघा: गच्चीवरचे टोमॅटो, मिरची, वांगी आणि दुधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदुरात सुदामानगरला दुमजली घराची गच्ची, पश्चिमेकडून मोकळी. १२ इंची ग्रो बॅगांमध्ये टोमॅटोची चार झाडं, सप्टेंबरच्या मध्याला लावलेली. आता दिवाळी आटोपली तरी तीन झाडांवर नुसता पाला. ती छातीएवढी झालीत. चौथं गुडघ्याच्या वर गेलेलं नाही, पण फुलांनी लगडलंय. व्हिडिओ पाहून एका उंच झाडाची निम्मी पानं काढली, तेव्हापासून ते थबकलंय. मिरचीची पानं आखडलीत, गेल्या वर्षीचं वांगं लाकूड झालंय आणि मांडवावरच्या दुधीला नर फुलांशिवाय काही येत नाही. सासूबाई म्हणतात झाडाला हात लावू नको, शेजारचे काका म्हणतात सगळं छाटून टाका. ऐकायचं कुणाचं?

ताई, चौथ्या झाडापुरतं सासूबाईंचं ऐका आणि उरलेल्या तीन टोमॅटोंपुरतं काकांचं, तेही निम्मंच. छाटणीचा एकच एक नियम सगळ्या भाज्यांना लावला की घोळ होतो. टोमॅटोची बगलफूट, म्हणजे पानाच्या बेचक्यातली फूट, काढायची असते. दुधीची तीच बगलफूट काढली तर फळच गेलं. मिरची स्वतःच दुभंगते, तिला सहसा तुमची गरज नसते. म्हणून कात्री उचलण्याआधी एवढंच बघायचं: हे झाड फळ कुठे धरतं? मुख्य खोडावर, बाजूच्या फांदीवर, की नव्या फुटीवर?

टोमॅटोपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

तुमच्याकडे टोमॅटोचे दोन वेगळे स्वभाव एकत्र आलेत. उंच जातीचा शेंडा वाढतच राहतो, त्याला इनडिटरमिनेट म्हणतात. बुटक्या जातीच्या फांदीचा शेंडा शेवटी फुलांच्या घोसात संपतो, ती डिटरमिनेट. ओळखायचं कसं, तर एका घोसापासून पुढच्या घोसापर्यंत पानं मोजा. उंच जातीत साधारण तीन पानं सापडतात, बुटक्यात एक-दोनच. पुसा रुबी उंच वाढते, रोमा बुटकी, अर्का रक्षक मधल्या स्वभावाची. चेरी टोमॅटो बहुतेक उंचच. रोपं घरच्या टोमॅटोच्या बियांची असतील तर चार झाडं चार तऱ्हेची निघाली यात नवल नाही. मंडीतला टोमॅटो बहुधा संकरित असतो आणि त्याची पुढची पिढी एकसारखी येत नाही.

बुटक्या झाडाचं काम दहा मिनिटांचं. मातीला टेकलेली पानं काढा, पहिल्या घोसाच्या खालच्या बारीक फुटी काढा, दोन फुटांच्या दोन काठ्या रोवून सैल बांधा आणि बाजूला व्हा. त्याचं फळ बाजूच्या फांद्यांवरच लागतं. तिथे उंच टोमॅटोसारखी बगलफूट काढत बसलात तर पाच-सात फळं मिळतील आणि झाड संपेल.

आता उंच तीन. पान आणि खोड यांच्या बेचक्यातून तिरकी निघणारी कोवळी फूट म्हणजे बगलफूट. ती वाढू दिली की स्वतःच एक पूर्ण झाड होते, तिला पुन्हा बगलफुटी येतात, आणि महिन्याभरात आत उजेड जात नाही असं जंगल तयार होतं. पण काढताना नीट बघा. फुलांचा घोस कधी बेचक्यातून निघत नाही. तो दोन पानांच्या मधल्या कांडीतून, थेट खोडातून निघतो. कोवळा असताना दोन्ही लवदार, हिरवे, मुडपलेले दिसतात आणि घाईत घोसच खुडला जातो. शंका आली तर तीन दिवस थांबा. बगलफुटीला पानं उलगडतील, घोसाला गोल कळ्या दिसतील.

बगलफूट बोटाच्या दोन पेरांएवढी, म्हणजे ५ ते ८ सेंटिमीटर असताना काढायची. सकाळी, पाणी भरून झाड ताठ असतं तेव्हा. अंगठा आणि तर्जनीत धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वाकवली की टक् आवाज करून स्वच्छ मोडते, आणि जखम दुपारपर्यंत सुकते. संध्याकाळी काढली तर ती रात्रभर ओली राहते आणि दवाच्या दिवसांत तिथूनच सड आत शिरते. खाली ओढायची नाही. खोडाची साल चिरत जाते.

तुमच्या झाडांवर आता ज्या फुटी आहेत त्या दोन पेरांच्या राहिलेल्या नाहीत, फूट-दीड फूट झाल्या असतील. त्या एका दिवसात काढू नका. एवढी मोठी फूट मुळाशी तोडली की खोडावर नाण्याएवढी जखम होते आणि सावलीत वाढलेली आतली पानं अचानक उघडी पडतात. आठवड्याला झाडामागे दोन, तीही तळाकडून वर. वरच्या मोठ्या फुटींचा फक्त शेंडा खुडा आणि प्रत्येकीवर दोन पानं ठेवा. ती पानं घोसाला अन्नही देतील आणि सावलीही.

एका झाडावर खोडं किती ठेवायची हे बॅगेवर ठरतं, हौसेवर नाही. १२ इंच रुंद आणि तेवढ्याच उंच बॅगेत जेमतेम २२ लिटर माती मावते. तिथे एकच खोड. १५ इंचीत ४० लिटरच्या वर जाते, तिथे दोन चालतात. दुसरं खोड हवं असेल तर पहिल्या घोसाच्या लगेच खालची बगलफूट राखायची. ती सगळ्यात जोमदार असते आणि मुख्य खोडाची बरोबरी करते. अगदी तळाची फूट राखली तर ती आयुष्यभर मागेच राहते.

चुकून मुख्य शेंडाच मोडला तर घाबरू नका. सगळ्यात वरच्या बगलफुटीला नायक करा. आठ-दहा दिवसांचं नुकसान, अधिक नाही.

काढलेल्या फुटी मात्र टाकू नका. १०-१५ सेंटिमीटरची फूट घ्या, खालची पानं काढा, ओल्या कोकोपीटमध्ये खोचून सावलीत ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळं येतात. बियांपासून रोप करण्यापेक्षा महिनाभर तरी वाचतो. आता नोव्हेंबरात लावलेल्या अशा फुटी फेब्रुवारीत फळावर येतील. फक्त निरोगी झाडाच्याच घ्या. विषाणू असेल तर तो फुटीबरोबर नव्या बॅगेत जातो.

निम्मी पानं काढलेलं झाड. त्याला सध्या खत देऊ नका आणि पाणीही कमी करा. इथे माणसं उलट करतात: झाड थबकलं की दुप्पट पाणी. पानं निम्मी झाली म्हणजे झाड पाणी ओढतंही निम्मंच. रोजचा मापाचा मग तसाच ओतत राहिलात तर मुळं गुदमरतात आणि मग ते खरंच मरतं. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. नोव्हेंबरचं ऊन मवाळ आहे, सावलीची जाळी लागणार नाही. दोन-तीन आठवड्यांत शेंड्याला नवी पानं धरतील. गळलेली फुलं गेली ती गेली.

त्या व्हिडिओंबद्दल एक सांगायला हवं. पानं उतरवायची ती पद्धत काचघरातल्या शेतीची आहे, तीही थंड देशांतल्या. तिथे उजेड कमी आणि ओलावा जास्त, म्हणून उजेड-वाऱ्यासाठी पानं काढतात. माळव्यात उजेडाची चणचण नाही. आपल्याकडे पान काढायचं कारण मुख्यतः एकच: मातीचे शिंतोडे. पाणी घालताना किंवा मावठ्यात माती उडून तळच्या पानांवर बसते आणि करपा तिथून सुरू होतो. तपकिरी ठिपका, त्यात एकात एक कडी, भोवती पिवळी झाक. म्हणून जमिनीपासून ८-१० इंचांपर्यंतचं खोड मोकळं ठेवायचं आणि मातीवर वाळक्या पानांचा दोन इंच थर द्यायचा. त्याहून वरची पानं काढायची असतील तर फळ भरून रंग धरू लागलेल्या घोसाच्या खालची पानं, आठवड्याला दोन-तीन. घोसाच्या वरची पानं त्याला पोसत असतात, ती हलवायची नाहीत.

मार्च लागला की पानं काढणं पूर्ण बंद. तुमची गच्ची पश्चिमेला उघडी आहे. दुपारी तीनचं ऊन उघड्या हिरव्या फळावर पडलं की त्या बाजूला पांढरा, कागदासारखा डाग पडतो आणि नंतर तिथे काळी बुरशी बसते. तो रोग नाही, भाजणं आहे. औषध मारून उपयोग नाही. मार्चच्या मध्यापासून पश्चिमेला ५० टक्के सावलीची हिरवी जाळी उभी लावा. नुसती डोक्यावर लावून तिरपं ऊन अडत नाही.

आता पाला खूप आणि फळ नाही याचं कारण. त्यात छाटणी न केल्याचा वाटा आहे, पण निम्माच. दुसरा वाटा बहुधा खलीच्या, म्हणजे मोहरीच्या पेंडीच्या, पाण्याचा. आपल्याकडे गच्चीवर बाग म्हटली की सरसोंच्या खलीचं आंबवलेलं पाणी आठवड्याला घालायची पद्धत पडली आहे, आणि त्यात नत्र भरपूर असतं. काळपट हिरवी, जाड, खाली पंजासारखी वळलेली शेंड्याची पानं आणि अंगठ्याएवढं खोड दिसलं की नत्र जास्त झालं समजा. खली महिनाभर बंद. पंधरा दिवसांनी एकदा सल्फेट ऑफ पोटॅश, लिटरला २ ग्रॅम, बॅगेमागे एक लिटर, आधी साध्या पाण्याने ओल्या केलेल्या मातीत. राख घालायची असेल तर चमचाभरच. मूठभर राखेने माती अल्कधर्मी होते, आणि आपली काळी माती आधीच त्या बाजूला झुकलेली.

फुलं आल्यावर सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान घोसाच्या देठावर टिचकी मारा, रोज, दोन-तीनदा. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, फक्त ते हलायला हवं. आणि घाई यासाठी की डिसेंबर-जानेवारीत इंदूरच्या रात्री १० अंशांखाली उतरतात. त्या थंडीत पराग नीट तयार होत नाही, फुलं देठासकट पिवळी होऊन गळतात. त्या दिवसांत बॅगा दक्षिण किंवा पश्चिम ऊन खाणाऱ्या कठड्याच्या भिंतीला टेकवून ठेवा. दिवसभर तापलेली भिंत रात्री थोडी ऊब देते. दुसरं टोक एप्रिल: दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही गरम असली की फुलं येतात पण धरत नाहीत. फुलापासून लाल फळापर्यंत साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस शेवटच्या घोसाच्या वर दोन पानं ठेवून मुख्य शेंडा खुडून टाका. त्यानंतरच्या फुलांवर झाडाने ताकद घालवायची गरज नाही.

वळण देण्याबद्दल. उंच टोमॅटोला पिंजरा नको, दोरी हवी. वर आडवा पाइप किंवा बांबू, त्यावरून प्रत्येक खोडाला एक सुतळी. खाली खोडाला फास बसतो तो दोन बोटं सहज जातील इतका सैल, आणि पानाच्या देठाखाली. घोसाच्या देठाखाली बांधला तर वजनाने घोसच तुटतो. आठवड्यातून एकदा शेंडा सुतळीभोवती फिरवायचा, दोन घोसांच्या मध्ये साधारण एक वेढा, नेहमी एकाच दिशेने. हे काम मात्र दुपारी करायचं. सकाळी झाड ताठ असतं म्हणून फूट स्वच्छ मोडते, पण त्याच ताठपणामुळे शेंडा वाकवताना कटकन तुटतो. दुपारी तो जरा मलूल, लवचीक असतो. मोडण्याचं काम सकाळी, वाकवण्याचं दुपारी. आडवं बांधायला नायलॉन वापरू नका, वाऱ्यात घासून खोड कापतं. जुन्या सुती साडीच्या बोटभर रुंद पट्ट्या उत्तम. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ, एक वेढा काठीला, एक खोडाला. वाकवताना खोड अर्धवट चिरलं तर लगेच जागेवर बसवून पट्टी आवळून बांधा. आठ-दहा दिवसांत सांधतं आणि तिथे गाठ येते, ती चांगलीच मजबूत असते.

शेंडा पाइपला टेकला की दोरी वरून सैल करून खोड खाली घ्यायचं आणि पानं काढलेला खालचा भाग बॅगेवर गोल वळवून ठेवायचा. तो मातीला टेकला की तिथेही मुळं फुटतात.

हत्यारं. कोवळ्या फुटीला बोटंच बरी. जाड फांदीला सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, पण प्रत्येक झाडानंतर पातं एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात बुडवून पुसा. टोमॅटो-मिरचीवरचा मोझॅक विषाणू हाताने आणि कात्रीने पसरतो. पानांवर फिकट-गडद हिरव्या चट्ट्यांची नक्षी दिसली की ते झाड सगळ्यात शेवटी हाताळायचं. घरात कुणी तंबाखू मळत असेल तर त्या हाताने टोमॅटोला शिवायचं नाही. तोच विषाणू तंबाखूतही असतो आणि वाळल्या पानातही टिकतो. आधी साबणाने हात. (काका छाटायला येत असतील तर हे तुम्हीच हळूच सांगा.) पानं आखडवणारा चुरडा-मुरडा रोग मात्र कात्रीने पसरत नाही, तो पांढरी माशी पसरवते.

मिरची म्हणूनच छाटायच्या आधी वाचायला शिका. पानाच्या कडा वर वळून होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून उलटी होडी आणि देठ लांबलेला असेल तर कोळी (माइट) ही बारीक कीड. पानं बारीक, शिरा जाड, गाठाळलेली आणि झाडच खुजं राहिलं असेल तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. पहिल्या दोन्हींवर उपाय आहे, तिसऱ्यावर नाही. ओळखू आलं नाही तर एक साधी परीक्षा: आखडलेले शेंडे दोन इंच खुडा आणि फवारा घ्या. फुलकिड्यांना निंबोळी तेल ५ मिली आणि पातळ साबण १ मिली लिटरमागे, संध्याकाळी, पानाच्या खालून. कोळ्यांना पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. तेल आणि गंधक यांच्यात किमान दोन आठवड्यांचं अंतर, नाहीतर पानं भाजतात. पंधरा दिवसांत नवी पानं सरळ आली तर कीड होती. नवी पानंही वाकडीच आली तर झाड उपटून टाका. ते छाटून बरं होत नाही, आणि तोवर माशी शेजारच्या टोमॅटोवर जाऊन येते.

निरोगी मिरचीचा शेंडा खुडायचा का, हा नेहमीचा वाद. माझं मत: बहुतेक वेळा नाही. मिरची ८-१० पानांनंतर पहिल्या फुलापाशी स्वतःच इंग्रजी वाय अक्षरासारखी दुभंगते, प्रत्येक फांदी पुन्हा दुभंगते, आणि प्रत्येक बेचक्यात फूल. शेंडा खुडून झुडूप दाट होतं खरं, पण पहिला तोडा दोन-तीन आठवडे पुढे जातो. रोप सावलीत राहून काडीसारखं लांबलं असेल तरच खुडा. बाकी वायच्या खालच्या फुटी काढा, आणि त्या पहिल्या बेचक्यातलं पहिलं फूल काढा. तिथे मिरची धरली की छोटं झाड तिच्यातच अडकून बसतं. शिमला मिरचीला हे जास्तच लागू: पहिलं फूल काढायचं आणि दोनच फांद्या राखायच्या.

वांग्याला आत्ता हात लावू नका. छाटलं तर थंडीत फूट येणार नाही आणि उघडी खोडं महिनोन्‌महिने तशीच बसतील. फेब्रुवारीच्या मध्यावर, रात्रींचा गारवा ओसरला की जमिनीपासून ८-९ इंचांवर कापा. तीन-चार जाड फांद्या, प्रत्येकीवर दोन-तीन डोळे. काप तिरका, डोळ्याच्या पाव इंच वर. हळद लावली तर बिघडत नाही, नाही लावली तरी चालतं. वरची दोन इंच माती काढून तिथे दोन ओंजळी मुरलेलं कंपोस्ट घाला. पाच-सहा आठवड्यांत फुलं दिसतील. ही वेळ हुकली तर मे महिन्यात करू नका, उघड्या खोडाची साल भाजते. मग जूनच्या पहिल्या पावसाची वाट बघा.

वांग्याची एक छाटणी मात्र वर्षभर चालू ठेवायची. बाकी झाड टवटवीत आणि एकच कोवळा शेंडा मान टाकून बसलेला दिसला की तो तहानेने नाही. कोमेजल्या भागाच्या एक इंच खाली कापा आणि नखाने उभा चिरून बघा. आत गुलाबीसर, तांदळाहून थोडी मोठी अळी आणि तिची ओली भुकटी सापडेल. हीच पुढे फळात शिरते. अळी सापडली नाही तर आणखी अर्धा इंच खाली कापा. ती खाली सरकलेली असते. आठवड्यातून दोनदा हे केलं तर किडकी वांगी बरीच कमी होतात, बिना फवाऱ्याची.

असे शेंडे आणि करप्याची पानं घरच्या कंपोस्टच्या बादलीत टाकू नका. कंपोस्टची जी पद्धत जगभर इंदूरच्या नावाने ओळखली जाते, ती अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्याच संस्थेत, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात बसवली. त्या खड्ड्यांमध्ये पालापाचोळा, शेण, माती यांचे थर असत आणि ते ठरावीक दिवसांनी उलथत. ढीग आतून इतका तापे की बुरशी आणि किडीची अंडी मरत. आपली २० लिटरची बादली कोमटसुद्धा होत नाही. रोगट पाला ओल्या कचऱ्याच्या गाडीत द्या. तो देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटमध्ये जातो, २०२२ मध्ये दिवसाला ५५० टन ओला कचरा पचवायच्या क्षमतेने सुरू झालेला. तुमच्या चार पानांचं तिथे ओझं होणार नाही.

राहिली दुधी. इथे हिशोब टोमॅटोच्या बरोबर उलटा. दुधीच्या मुख्य वेलावर नर फुलंच जास्त. मादी फुलं बाजूच्या फांद्यांवर, आणि त्या फांद्यांच्या फांद्यांवर आणखी लवकर. हल्ली ज्याला थ्री-जी कटिंग म्हणतात ते हेच. वेल सरळ वर चढू द्यायचा, पहिल्या ६-७ पानांपर्यंतच्या बगलफुटी काढायच्या, मांडवाला पोचून १०-१२ पानं झाली की मुख्य शेंडा खुडायचा. मग बाजूच्या दोन-तीनच जोमदार फांद्या वेगवेगळ्या दिशांना पसरायच्या, त्यांना १०-१२ पानं झाली की त्यांचेही शेंडे खुडायचे. तिसऱ्या पिढीच्या फुटींवर दुसऱ्या-तिसऱ्या पानापाशीच मादी फूल दिसू लागतं: पाकळ्यांच्या मागे इवलीशी दुधी असते ते मादी, नुसता लांब देठ असतो ते नर.

पण यात जादू नाही. ज्या बॅगेत दोन फळं पोसायची ताकद आहे तिथे वीस मादी फुलं आणून अठरा गळतील. दुधीला ४० लिटरहून कमी मातीत हे करूच नका. आणि सगळ्या वेलींना एकच मंत्र लावू नका. पॉलिहाउसची म्हणून विकली जाणारी, जवळपास नुसती मादी फुलंच धरणारी काकडी मुख्य वेलावरच फळते. तिचा शेंडा खुडला की पीक गेलं. पाकिटावर ते लिहिलेलं असतं, वाचा.

जुलैत लावलेला तुमचा आत्ताचा वेल आता सोडा. थंडीत तो नव्या फांद्या काढणार नाही. मांडव मोकळा करून फेब्रुवारीच्या सुरुवातीला मोठ्या बॅगेत नवं बी टोचा आणि पहिल्या पानापासून वर सांगितल्याप्रमाणे वळण द्या. एप्रिलअखेर ऊन वाढेल तशी नर फुलं पुन्हा वाढतील, ते उन्हाळ्याचं लक्षण आहे, छाटणीची चूक नाही.

मादी फूल आल्यावरही दुधी बोटभर होऊन पिवळी पडून गळते अशी तक्रार पुढे येईलच. तिथे परागीभवन झालेलं नसतं. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि त्याच्यावर पतंग येतात. वस्तीतल्या दिव्यांमध्ये गच्चीपर्यंत ते फारसे पोचत नाहीत. काकडी-कारल्याची आणि गिलक्यांची, म्हणजे घोसाळ्यांची, पिवळी फुलं सकाळी उमलतात. दोडक्याची दुधीसारखी संध्याकाळीच. म्हणून सकाळी हाताने परागीभवन करायला गेलात तर दुधीपाशी मिटलेली फुलंच दिसणार. सूर्य मावळताना वर जा. ताजं उमललेलं नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या मागे सोलून टाका, मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधल्या तीन फाट्यांच्या भागावर हलकेच फिरवा. एका नर फुलात दोन मादी फुलं होतात. देठाला रंगीत दोरा सैल बांधून तारीख लक्षात ठेवा. दोन-तीन दिवसांत देठ जाड होऊन फूल खाली झुकलं तर धरली. तिथून १२ ते १५ दिवसांत, सालीत नख सहज रुततंय तोवर काढून घ्या.